सोमवारचं उष्टं

"चढ गं काट्यावर," बाई म्हणाल्या.

भांडी घासता घासता बोलावलेलं, माझे हात राखेनं भरलेले होते. बैठकीत बाईंच्या चार मैत्रिणी बसलेल्या. मध्ये हैदराबादहून आणलेला वजनाचा काटा. मी चढले. एकीनं लांबूनच टेप टाकली, मी कमरेला लावली.

"बघा! लेकुरवाळी आहे, पण कंबर बघा हिची. काय खातेस गं तू?"

"कदी भेटते बाई, कदी नाई भेटत."

सगळ्या खो खो हसल्या. मीपण हसले. त्या माझ्या हसण्याची आजही लाज वाटते.

आदिलाबादच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी मी धुणीभांडी करायचे. ऐंशी-नव्वदच्या दरम्यानची गोष्ट. नवरा कापसाच्या जिनिंग गिरणीत खोकून खोकून मेला होता. घरात मी आणि सहा वर्षांची पोर.

बाईंना लेकीच्या लग्नाआधी बारीक व्हायचं होतं. सोमवार ते शनिवार ज्वारीची भाकर, उकडलेली भाजी, पाणीदार ताक. "गरिबासारखं खातेय बघ," मला ऐकवायच्या. त्यांचं पथ्य म्हणजे आमचं सणाचं जेवण. रविवारी मात्र पुऱ्या, श्रीखंड, लाडू, भजी. सहा दिवस मन मारलं म्हणून.

सोमवारी घरात गोडाचा कण नको. दिसलं तर मन चळतं. म्हणून सकाळीच मला मागच्या दारी हाक. आम्ही बौद्ध. मी घासलेली भांडी पाणी शिंपडून आत जायची, माझी ताटली बाहेरच्या कोनाड्यात वेगळी. बाई वरूनच टाकायच्या, शिवाशिव नको म्हणून. आंबलेलं श्रीखंड. अर्धे खाल्लेले लाडू, दातांच्या खुणांसकट.

कधी पोर सोबत असायची, सगळं बघायची. एरवी मी घरी न्यायचे. पोर वाट पाहायची. "आई, सोमवार कदी हाये?" बाकीचे वार तिला ठाऊकच नव्हते.

एकदा कामावरून आले तर पोर अंगणात शेजारच्या मुलीशी खेळत होती. ती मुलगी उंच दगडावर उभी, वरून माती टाकत होती. माझी पोर खाली फ्रॉक पसरून, मान खाली घालून उभी. खेळातसुद्धा तिनं बाई व्हायचं मागितलं नव्हतं.

हे मीच शिकवलं होतं तिला.

पुढच्या सोमवारी बाईंनी हाक मारली. मी ताटली उचलली नाही.

"नको बाई."

"काऊन? पोट भरलं का तुझं?"

"नाई भरलं. तरी नको."

"माजलीस. कुत्र्याला टाकते मग."

"टाका."

काम गेलं. आठ दिवसांत त्या कोनाड्यात दुसऱ्या बाईची ताटली आली. ती आमच्याच वस्तीतली. बाईंचं काहीच अडलं नाही.

घरी पोर आडवी पडून रडली. मला बुक्क्या मारल्या. "सोमवार हाये ना? आणलं काऊन नाई?" तिला द्यायला माझ्याकडे खरंच काही नव्हतं. मी मारलं नाही, जवळही घेतलं नाही.

त्यानंतर कापसाच्या वेचणीला गेले, विटा उचलल्या, कित्येक दिवस नुसतं पाणी पिऊन काढले. दिवस पालटले नाहीत. पालटतील असंही वाटत नाही. पोर उपाशी झोपली, झोपू दिली. पण माझ्या जिवात जीव आहे तोवर कोणाचं उष्टं या घरात येणार नाही.