चोवीस वॉट

मी गिरणीच्या वीजखात्यात होतो. खंडेनवमीला सुताला खळ लावणाऱ्या कामगारांनी नव्या मोटारीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि तिच्यावरच नारळ फोडला. पाणी आत गेलं. यंत्राची पूजा अशीच करायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी मोटार सुरू झाली आणि खळीवरच्या एका तेलुगू कामगाराने रोजच्यासारखा तिला हात लावला, तोच हात कपाळाला टेकवण्यासाठी. आत गेलेल्या पाण्यामुळे वीज मोटारीच्या पत्र्यात उतरली होती. त्याचा हात कपाळापर्यंत पोचलाच नाही.

इंजिनिअरसाहेब म्हणाले, "फ्यूज शाबूत आहे, म्हणजे विजेने नाही मेला. त्याचं काळीजच कमजोर असणार."

माझं डोकं फिरलं. तो उभा होता त्याच, खळीच्या पाण्याने ओल्या फरशीवर मी अनवाणी उभा राहिलो, बॅटरीची एक तार मीटरमधून जमिनीला जोडली आणि दुसरी ओल्या हाताने धरली. दाब सहा व्होल्ट, प्रवाह तीन मिलिअँपिअर. भागाकार केला, माणसाचा रोध निघाला दोन हजार ओहम. मोटारीचे दोनशेवीस व्होल्ट त्याने भागले, तर प्रवाह आला अँपिअरचा जेमतेम नववा हिस्सा. दाबाने गुणल्यावर शक्ती आली चोवीस वॉट. एवढ्याने फ्यूज कशाला उडेल?

साहेबांनी आकडे पाहिले. "एवढ्याशाने माणूस मरतो होय?"

"मेला ना!" मी ओरडलोच.

खळीच्या खात्यात देवाच्या तसबिरीवर रात्रंदिवस जळणारा दिवा चाळीस वॉटचा होता.