जाळीचे ठसे

माझ्या मेंदूतली गाठ कॅन्सरची नव्हती. तरी माझं लग्न ठरेपर्यंत डहाणूत कुणाला कळू द्यायचं नाही, असं आईने ठरवलं होतं. मुंबईच्या हॉस्पिटलात रेडिएशन देताना चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवून तो टेबलाला अडकवायचे. मग किरण सोडणारा रोबोटचा हात डोक्याभोवती फिरत राहायचा आणि मला मान तसूभरही हलवता यायची नाही.

एकदा हॉस्पिटलातून बाहेर पडताच फाटकाशी डहाणूच्या आमच्या शेजारच्या काकू भेटल्या.

"अगं, कपाळावर हे ठसे कसले?"

"गाडीत चिकूच्या जाळीदार पिशवीवर डोकं ठेवून झोपली, वेंधळी!" आई हसली.

"खरंच गं?" काकूंनी मलाच विचारलं.

सगळं सांगून टाकावंसं वाटलं. आईने माझा दंड घट्ट धरला होता. मान आता मोकळी होती. मी ती होकारार्थी हलवली.