शकुंतला सिस्टरची सात सीटर

शकुंतला सिस्टर. हे नाव आधी लिहितो, कारण ज्या फ्लेक्सवर ते असायला हवं होतं त्यावर ते नाही. माझ्या धाकट्या बहिणीला, रेणुकाला, सायकलच्या शर्यतीपर्यंत त्यांनी पोचवलं. नववीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला गाडी शिकायला त्यांनीच लावलं. आता काय झालं ते सांगतो.

मी इकडे कच्छात ट्रेलर चालवतो. परवा मीठ भरायच्या रांगेत उभा असताना गावाकडून फोनवर एक फोटो आला. जवळा बाजारच्या फाट्यावर बांधलेला फ्लेक्स. मधोमध रेणुका, गळ्यात पदक. आणि तिच्या वर, खाली, डावीउजवीकडे गोल गोल चौकटींत माणसंच माणसं. हात जोडलेली, हात उंचावलेली, गॉगल लावलेली. त्यातल्या एकानेही तिच्या सायकलीत कधी हवा भरली नव्हती. मी फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला. सिस्टर कुठेच नव्हत्या. डोकं इतकं फिरलं की रांग पुढे सरकली तरी मला पत्ता नाही. मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून माझ्या सात पिढ्या काढत होता.

सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या उपकेंद्राच्या नर्स. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रागावलेल्या होत्या, आणि नंतर जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हाही. एका हातावर तान्हं बाळ, आणि दुसरा हात त्याच्या आजीच्या नाकासमोर नाचवत म्हणायच्या, "म्हातारे, लेकराला पुन्हा घुटी पाजलीस तर सुई तुला टोचीन. बैलाची." म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची आणि पुढच्या वेळी बाळाला बरोबर तारखेला घेऊन यायची. औषधं आली नाहीत की तालुक्याला फोन करून त्या अशा भांडायच्या की बाहेर बाकावर बसलेल्या बाया गप्प व्हायच्या. फोन ठेवला की आमच्याकडे वळून म्हणायच्या, "बघता काय? मला राग हाय तवर कामं उरकून घ्या. राग गेला की मी बी तुमच्यासारखी आडवी पडते."

आमच्या घरी मेंढरं. दिवाळीनंतर बाप मेंढरं घेऊन लांब जायचा, त्याच्यासोबत मी गेलो आणि शाळा मागे राहिली ती राहिलीच. परत आल्यावर सिस्टरांनी हातपंपावर गाठलं.

"शाळा सोडली व्हय रे मारोती?"

"व्हय."

"मग आता काय करून राहिला?"

"मेंढरं राखतो."

"तू राखतो? मेंढरंच तुला राखून राहिलेत, मला दिसत न्हाई का?"

लायसनच्या वयात बसल्याबरोबर त्यांनी मला ओळखीच्या एका जीपवाल्याकडे नेऊन उभं केलं आणि त्यालाच दम दिला, "ह्याला बराबर शिकव. मधेच सोडलंस तर तुझ्याशी गाठ माझी." त्याने मला शिकवलं, प्रेमाने नाही, भीतीने. पण आज माझ्या पोटाला मिळतं ते त्या भीतीतून.

मग सिस्टरांनी गाडी घ्यायचं काढलं. एकट्या बाईला सात सीटची गाडी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. त्यांची म्हातारी आई जन्मभर दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती, कधी ट्रकमध्ये, कधी रेल्वेत संडासाच्या दाराशी उभी राहून. सिस्टरांना तिला एकदा पाय लांब करून न्यायचं होतं, भाऊ, भावजया, पोरं सगळ्यांसकट. हिंगोलीला एक जुनी पांढरी गाडी विकायची होती. लग्नाच्या भाड्यावर पळालेली. मागच्या काचेवर 'शुभविवाह'ची अर्धी खरवडलेली अक्षरं अजून होती. सिस्टर, त्यांचा थोरला भाऊ आणि मी असे गेलो. विकणारा माणूस बोले ते भावाशी. ॲव्हरेज भावाला सांगे, इंजिन भावाला दाखवी. सिस्टर सातही सीटवर एकेकदा बसून आल्या, खाली उतरल्या, आणि म्हणाल्या, "गाडी कोण घेऊन राहिलं? मी. मग माझ्याकडं बघून बोल. माझ्या तोंडावर काय पाटी लावली का, इथं बोलू नये म्हणून?" तो माणूस पुढे प्रत्येक वाक्याला मॅडम म्हणत होता. त्या स्वतः गाडी शिकल्या नाहीत. म्हणायच्या, "हातात स्टेअरिंग असलं की हात करून भांडता येत न्हाई." चालवायला मी.

आता रेणुकाचं. सरकारी योजनेतल्या सायकलवर ती आमच्या वाडीहून जवळा बाजारच्या शाळेत जायची आणि रोज एसटीच्या आधी पोचायची. शाळेच्या खेळाच्या सरांनी ते हेरलं आणि एक जुनी शर्यतीची सायकल तिला वापरायला दिली. परभणीला निवड व्हायची होती. निवड झाली तर क्रीडा वसतिगृह, राहणं, शिकणं, सगळं. न झाली तर बापाने सोयरीक बघून ठेवलेली होती. मुलगा चांगला आहे, मेंढरं भरपूर आहेत, असं घरात चाललेलं. बाप वाईट नव्हता. त्याला दुसरं काही माहीत नव्हतं.

सायकल परभणीला न्यायची कशी? एसटीच्या टपावर टाकली तर उतरेपर्यंत तिची जिलबी होणार. सिस्टर म्हणाल्या, गाडीला स्टँड बसवू. मी म्हणालो, मागच्या दाराला. त्या भडकल्या. "मागचं दार अडवून ठिवतो? अँब्युलन्स आली न्हाई आन् एखादी बाई अडली, तर आधी सायकली सोडत बसू का?" म्हणून स्टँड टपावर. वेल्डिंगवाले रशीदचाचा जन्मभर पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे करत आलेले. त्यांनी तसाच सांगाडा केला, जाड लोखंडी अँगलचा. सिस्टरांनी बघितला आणि म्हणाल्या, "चाचा, वर काय हौद बांधायचा हाय? गाडी बसंल की खाली."

"सिस्टर, मजबूत पाहिजे ना?"

"सायकल हाय ती. उडून चालली का?"

चाचांनी हसत हसत सगळं कापलं आणि पाइपचा हलका स्टँड केला. दोन सायकली उभ्या राहतील असा, घासू नये म्हणून ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेला. सायकल उभी करून मी उपकेंद्राचं फाटक मोजलं, वाटेतल्या लिंबाची फांदी मोजली, विजेच्या तारा मोजल्या. सगळ्याखालून गाडी निघत होती. सिस्टरांच्या घरात मात्र आग लागली. भाऊ म्हणाला, पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, ह्या पिंजऱ्यावर फुलं कशी लावायची? सिस्टर म्हणाल्या, "पिंजऱ्यालाच बांधा. नवरदेव खाली बसणार हाय ना?" आणि खरंच, त्या लग्नात झेंडूच्या माळा स्टँडलाच बांधल्या गेल्या. चांगल्या दिसल्या. पण भावाने ते कबूल केलं नाही.

निवडीच्या सकाळी आम्ही निघालो. मी, सिस्टर, रेणुका, टपावर सायकल. फाट्यावर आलो आणि वरून काहीतरी ओढल्यासारखा आवाज झाला. पुढच्या काचेवर अंधार. कुणा पुढारी भाऊंचा वाढदिवस होता, रस्त्यावर आडवा फ्लेक्स बांधला होता. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं, म्हणून मी मोजलं नव्हतं. आणि बांधला तो इतका खाली की भाऊंचा चेहरा मोटारसायकलवाल्याला मान वर न करता दिसावा. सायकल त्यात अडकली, दोर तुटला, भाऊ आमच्या काचेवर उताणे पडले.

पोरं धावली. पुढे बाळू, फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान.

"काहून बे, दिसत न्हाई का? भाऊचा बॅनर फाडला!"

मी उतरून हात जोडले. चुकून झालं म्हणालो. रेणुका टपाकडे बघून रडायला लागली, सायकलचं पुढचं चाक आठ आकड्यासारखं झालेलं. बाळू म्हणाला, "भाऊ येईस्तोवर गाडी हलायची न्हाई. माफी मागायची, मग जायचं." भाऊ कधी येणार, तर दुपारी. निवड सकाळी. मी पुन्हा हात जोडले. आजही ते आठवलं की अंग पेटतं. एका पोरीच्या आयुष्याचा दिवस, आणि ही रिकामटेकडी पोरं तो एका फोटोसाठी अडवून उभी.

सिस्टर खाली उतरल्या. दार असं आपटलं की दोन पोरं आपोआप मागे सरली.

"कोणी बांधला हा?"

"आमी. काहून?"

"रस्ता तुमच्या घरचा हाय? उसाची ट्रॉली कशी जाईल इथून? एसटी कशी जाईल?"

मागून एक जण बोलला, "तुमच्या जयंतीचा बॅनर कोणी पाडला असता तर चाललं असतं का सिस्टर?"

सिस्टर त्याच्याकडे वळल्या. "आमची कमान आमी ट्रॉली जाऊन वर हातभर राहील एवढी उंच बांधतो. जा, मोजून ये. माणूस उंच असला की त्याचा फोटो बी उंच बांधावा लागतो. तुमचा भाऊ काहून एवढा खाली आणला?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाळू चिडला. "सिस्टर, भाऊबद्दल बोलायचं न्हाई."

"मग तुझ्याबद्दल बोलते. तुझ्या बायकोला आठवा लागला. परवा मीच तपासली. उद्या तिला घेऊन अँब्युलन्स ह्याच्याखाली अडली तर कोणता भाऊ येणार हाय रे? हा का?" आणि काचेवर पडलेल्या भाऊंवर त्यांनी थाप मारली.

सिस्टरांनी घड्याळ बघितलं. "मला राग आला हाय तवर कामं उरकून घ्या. तुमी चौघं, बांबू आणा, हा वर बांधा. आन् बाळू, चाक तू वाकडं केलं, सरळ तूच करायचं. लेकराला शर्यत हाय."

"मी? बांधल्याली वस्तू तुमी पाडली..."

"करतो का आणखी बोलू?"

त्याने चाक काढलं. गुडघ्यावर दाबलं, फिरवलं, तारा एकेक करून कसल्या. बडबडत होता, पण हात चालत होते. शेवटी चाक फिरायला लागलं, थोडं लचकत. ब्रेकला घासत होतं म्हणून त्याने पुढचा ब्रेकच सोडवून टाकला आणि रेणुकाला म्हणाला, "मागचाच दाब. उतारावर जपून." सिस्टरांनी त्याला शाबासकी दिली नाही. "बायकोला मंगळवारी पाठव," एवढंच बोलल्या.

परभणीला पोचलो तेव्हा नावं पुकारून झाली होती. टेबलामागच्या साहेबाने यादी मिटली होती. सिस्टर तिथे काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी सायकल उतरवत होतो. फक्त एवढं दिसलं, की साहेबाने यादी पुन्हा उघडली. रेणुका लचकत्या चाकावर पळाली. पहिली आली नाही. पण जेवढ्या मुली घ्यायच्या होत्या त्यात ती बसली. परतताना सिस्टर मागच्या सीटवर गाढ झोपल्या होत्या. राग गेला होता.

त्यानंतर स्टँड उतरलाच नाही; मी कच्छात आल्यावर सिस्टरांनी गाडीवर दुसरं पोरगं बसवलं, तरी नाही. रेणुकामागून आणखी पोरी आल्या, दसऱ्याच्या सुट्टीत शर्यती असायच्या आणि नागपूरही दसऱ्यालाच, म्हणून ते दरवर्षी राहून जायचं. सिस्टरची आई मला बघितलं की टोमणा मारायची, "आला का रे? माझं नागपूर पोरींच्या सायकलीवर चाललं." म्हातारी अजून आहे. पण ह्या वर्षी उठताना दोघी लागतात धरायला, असं रेणुका सांगते. सिस्टरचेही गुडघे गेले.

फोटो बघितल्यावर मी आधी बाळूला फोन लावला. फ्लेक्स त्यानेच बांधला होता. तोंडाला आलं ते बोललो. तो म्हणाला, "अरे, जागाच उरली न्हाई. पुढल्या टायमाला टाकू." गॉगलवाल्यांना जागा होती. मग सिस्टरांना फोन लावला. सगळं रागारागाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती उंच बांधला?"

"काय?"

"सायकली जातात का खालून? परवा दोन पोरी न्यायच्या हायेत."

मी फोटो पुन्हा बघितला. वर बांधला होता. ट्रॉली जाऊन हातभर राहील एवढा. तसं सांगितलं.

"मग काहून तकलीफ करून घेतो? जेवलास का?"

त्यांनी सोडून दिलं. मी सोडणार नाही. मालक सुट्टी देईल की नाही, म्हातारी तोवर धड राहील की नाही, ह्याचा घोर रात्रंदिवस लागलेला असतो. तरी सांगून ठेवतो, सिस्टर. एका दसऱ्याला मी येईन. स्टँड राहू द्या, त्यावर म्हातारीची वळकटी बांधू. तिला मधल्या सीटवर पाय लांब करून बसवायचं, तुम्ही तिच्या शेजारी बसायचं, नागपूरपर्यंत गाडी मी चालवीन. आणि वाटेत कुठे कुणाचा फोटो आडवा आला, तर तुम्ही झोपूनच राहायचं. त्या दिवशी खाली उतरून भांडायचं काम माझं.