धाकटीचा मुखवटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दत्ताकाकांच्या घरातल्या धाकट्या गौरीचा मुखवटा माझ्यामुळे मोडला.

गोत्रीच्या आमच्या सोसायटीत काका खालच्या मजल्यावर राहायचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सिलिकॉनचे साचे काढायला घेतले होते. पणत्या, गणपती, कुणाच्या साबणाच्या वड्या. साच्यात एक बुडबुडा दिसला तरी तो साचा कापून टाकायचे. ओतताना भांडं खांद्याइतकं उंच धरून एकाच कोपऱ्यात सुतासारखी धार सोडायचे. धार ताणली की आतली हवा वाटेतच फुटते, म्हणायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मी ढवळायला बसलो की टोमणा ठरलेला, अर्धा गुजरातीत : "अरे, ताक घुसळतोस का? शांतीथी, भाई. हवा आत घालायला अक्कल लागत नाही."

काकूंनी जाण्याआधी शाडूचे दोन मुखवटे केले होते. थोरलीचा रंगवून झाला, धाकटीचा कोराच राहिला. मुलगी वैशाली डभोईला दिलेली. तिच्याकडेही गौरी बसाव्यात, आणि आईच्या हातच्याच, म्हणून काकांनी दोन्हींचे साचे काढायचं ठरवलं. थोरलीचा काचेसारखा निघाला. धाकटीची कोरी माती मात्र हवा धरून ठेवते, सिलिकॉनला चिकटतेही. तिला आधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यायचे, मध्ये नीट वाळू द्यायचं. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी तेव्हा पस्तिशीचा, चांगला कळता. पहिला हात दिला. दुसऱ्याचा कंटाळा केला, टीव्हीवर मॅच होती.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "दोन्ही हात दिलेस ना?"

"दिले की, काका."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साचा सोडवला. गालांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढी भोकंच भोकं, आणि मुखवट्याचं नाक नि वरचा ओठ सिलिकॉनला चिकटून उखडून आलेले. काका बराच वेळ तो मातीचा तुकडा तळहातावर धरून बसले. मग म्हणाले, "ओतताना माझाच हात थरथरला असेल. वय झालं." वर मलाच चहा विचारला. मी तो प्यायलो.

त्यानंतर त्यांनी साचा काढला नाही. वजनकाटा आणि पेले मला देऊन टाकले. तुझा हात स्थिर आहे, म्हणाले. भाद्रपदात थोरली मुखवट्यात बसली आणि शेजारी धाकटी म्हणून नुसता तांब्या. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला काका आपणहून सांगायचे, धाकटी माझ्या हातून गेली. पाच वर्षं सांगत होते. मलाही तीच पाच वर्षं मिळाली होती. दर वेळी मनाशी म्हणायचो, म्हातारपणी त्यांना कशाला त्रास. खरं तर त्रास मला नको होता.

गेल्या श्रावणात काका गेले. तेराव्याला वाढताना वैशाली म्हणाली, "दादा, बाबा शेवटपर्यंत आईची माफी मागत होते हो."

मी मान हलवली आणि जेवत राहिलो.

काकांचा हात थरथरला नव्हता, हे वैशालीला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.