मर्व्हचे चार ठोके

मर्व्ह टुहीने काठीवर काठी चार वेळा आपटल्याशिवाय ‘लॅम्प रूम’ बँडचं एकही गाणं कधी सुरू झालं नाही. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यातले पब असोत की संपाच्या काळात खाणीच्या फाटकासमोर उभा केलेला ट्रक असो. पुढे तळपायचा तो गायक डेनिस क्रॉली. मागे अंधारात ड्रमवर मर्व्ह, आठवडाभर कोळसा उपसून आलेला.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं रॉयचं. रॉय मर्व्हचा धाकटा भाऊ. खाणीचं छत कोसळून गेला, आणि कंपनीने छताचे टेकू काढल्याची चूक त्याच्याच माथी मारली. डेनिसने एका बैठकीत गाणं लिहिलं. ‘टेकू कोणी काढले?’ असा सवाल टाकून तो थांबायचा आणि अख्खा पब कंपनीचं नाव गरजायचा. कोर्टात न मिळालेला न्याय मर्व्हला त्या गर्जनेत मिळायचा.

गेल्या वर्षी डेनिसने ते गाणं त्याच कंपनीच्या जाहिरातीला दिलं. कंपनीने शब्द गाळून त्या चालीवर नुसतं ‘ला, ला, ला’ ठेवलं.

आज शेवटचा कार्यक्रम होता, रविवारी दुपारी, पिटहेड हॉटेलातल्या पबात. ड्रम जोडता जोडता मर्व्ह म्हणाला, “डेनी, रॉयचं नको.”

“अरे म्हाताऱ्या, लोक त्याच्यासाठीच आलेत!”

“मग आधी माइकवर सांग, कुणाला दिलंस ते.”

“शीलाच्या आजारपणात पैशांसाठी दिलं, तुला ठाऊक आहे. आता चारचौघांत कपडे उतरवू का?”

मर्व्ह पुन्हा ड्रमचे स्क्रू आवळू लागला. डेनिसच्या बायकोच्या, शीलाच्या शवपेटीला त्यानेही खांदा दिला होता.

शेवटी डेनिसने रॉयचं नाव पुकारलंच. पब उसळला. मर्व्हने काठ्या उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

“मर्व्ह, दे की!” डेनिस मागे न वळता पुटपुटला.

“आजोबांना डुलकी लागली वाटतं!” पुढून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

मर्व्ह उठला आणि जुगाराच्या यंत्रांमधून वाट काढत बाहेर पडला. ठोक्यांवाचून गाणं उठणार नाही, याची त्याला खात्री होती.

तो रस्ता ओलांडतो तोच आतून टाळ्यांचा ठेका आला. डेनिसने सूर लावला. थकलेला, पण खरा सूर. मर्व्ह थबकला. सवाल आला, ‘टेकू कोणी काढले?’ डेनिस थांबला. आणि लोक आनंदाने गाऊ लागले, “ला, ला, ला...” जाहिरातीत होतं तसं.

मर्व्हने एकट्यानेच कंपनीचं नाव घेतलं, मोठ्याने. बसथांब्यावरची बाई पिशवी जवळ ओढून जरा सरकून बसली.