वहिनींची नेऱ्याची सुट्टी

शेजारच्या वहिनींना दोन दिवस शांतता मिळावी म्हणून मी नेऱ्यात फार्महाऊस ठरवून दिलं आणि लग्नसराई आहे हे विसरलो. पलीकडच्याच अंगणात हळद होती, म्हणजे डीजे आलाच.

वहिनी बोलतात तेव्हा त्यांचा एक कान घराकडे असतो. अंथरुणावरच्या सासूबाई खोकल्या की वाक्य तिथेच सोडून आत पळतात. या वेळी मात्र दिराला आईजवळ बसवून, कोणाचंही न ऐकता एकट्या निघाल्या होत्या.

संध्याकाळी मी घाबरत फोन केला. "वहिनी, न्यायला येऊ का?"

"अजिबात नाही. इथे कोणी कितीही ओरडलं तरी मला उठायचं नाहीये. मी उद्या संध्याकाळीच येणार," वहिनींनी वाक्य पुरं केलं. "डीजेत छान झोप लागली होती. उठवलंत ते तुम्हीच."