डोक्यामागचा चेहरा

देवळाली प्रवरेच्या शिवारात ऊस डोक्यावर गेला की बायकांचा आवाज वाढतो. गाईंसाठी घास कापायला निघाल्या की उगाच मोठ्यानं बोलायचं, मोबाईलवर भजनं लावायची, विळा पाटीवर वाजवत चालायचं. हसण्यासारखं त्यात काही नाही. उसात बिबट्या असतो. माणसाची चाहूल आधी लागली तर तो बाजूला होतो, एवढं शहाणपण इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

ज्ञानेश्वरी या वस्तीवर सून म्हणून आली ती बीएस्सी होऊन, आणि बॅगेत साड्यांखाली रंगीत कागदांचे गठ्ठे घेऊन. कात्री नाही, डिंक नाही, एकाच कागदातून ती कासव काढी, बगळा काढी. सुनेला घड्या घालायचा छंद आहे असं कळल्यावर सासूनं, साळूबाईंनी, आधी वाळलेलं धुणंच तिच्यापुढे टाकलं. पुढे शिकवणीची पोरं येऊ लागली. ज्ञानेश्वरी त्यांना भूमिती कागदातच शिकवी. कोन दुमडला, दोन सारखे भाग झाले, सिद्धता संपली. साळूबाई दारातून बघत आणि शेजारणींना सांगत, "आमची ज्ञानू कागदाला बोलाय लावती."

सासू-सून म्हटलं की लोकांना विळ्या-भोपळ्याचं सख्य आठवतं. इथे तसं नव्हतं. ज्ञानेश्वरीची आई लहानपणीच गेलेली. तिला खरी आई मिळाली ती या घरात.

म्हणूनच त्या वर्षी दसऱ्यानंतर तिची झोप उडाली. आधी शेळ्या गेल्या, मग पलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा गेला. वनखात्याचा माणूस येऊन शाळेच्या पटांगणात बोलला, "बिबट्या पाठीमागनं येतो. आणि वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटतच नाही." लोकांनी पहिलं वाक्य घरी नेलं. दुसरं तिथेच राहिलं. ज्ञानेश्वरीनंही पहिलंच नेलं, आणि एवढं शिकूनही तसं केलं याचं मला आजही वाईट वाटतं.

साळूबाई दिवस उगवायला घासाला जायच्या. कुणाचं ऐकायच्या नाहीत. मग पाठीमागून येणाऱ्याला पाठीमागेच डोळे दिसले तर?

कॅलेंडरच्या जाड कागदाचा तिनं चेहरा दुमडला. पहिला बरा झाला, पण मेल्यासारखा. मग तिनं सगळ्या घड्या उलट्या केल्या, नाक बाहेर होतं ते आत गेलं, चेहरा वाटीसारखा खोल झाला. मग चार पावलांवरून बघितलं. चेहरा तिच्याकडे वळला होता. ती डावीकडे सरकली, तोही सरकला. कारण तिला ठाऊक होतं. चेहरा आत वळलेला असू शकतो हे आपला मेंदू कबूलच करत नाही, तो नाक बाहेरच बघतो, आणि मग आपण हललो की चेहरा फिरल्याचा भास होतो. ठाऊक असूनही तिनं तो पालथा घालून ठेवला.

मेण लावून, नाडी ओवून तिनं तो नवऱ्याच्या, अंगदच्या, डोक्यामागे बांधला आणि त्याला अंगणात उभा केला. वस्तीवरचा कुत्रा गुरगुरत मागे सरला. शेजारच्या वस्तीवरची सविता म्हणाली, "वहिनी, ह्ये मेलं माझ्याकडंच बघतंय. मला बी एक द्या."

सगळ्यांनाच एकेक हवा झाला. सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं. दिवाळी गेली, थंडी पडली, कुणाच्या अंगावर ओरखडाही उमटला नाही. आणि हळूहळू शिवार गप्प झालं. भजनं थांबली, पाट्या वाजेनात. बायका एकेकट्या जाऊ लागल्या. "मागं डोळं हायेत की," म्हणायच्या. साळूबाई तर तोऱ्यात जायच्या, सुनेनं केलेला चेहरा मिरवत.

एके सकाळी ज्ञानेश्वरी तूर वाळत घालायला गच्चीवर गेली. कारखान्याची तोड अजून आली नव्हती, ऊस तसाच उभा होता. उसाला लागून घासाच्या वाफ्यात साळूबाई उकिडव्या बसून, मान खाली घालून कापत होत्या. ज्ञानेश्वरी कौतुकानं तो चेहरा शोधू लागली. चेहरा आभाळाकडे बघत होता. उसाच्या बाजूनं दिसत होती ती फक्त एक बुटकी, हलणारी पाठ.

ती अनवाणी धावली. "आत्या, उभ्या राहा! आधी उभ्या राहा!"

साळूबाई कंबर धरून उठल्या. "काय गं? काय पेटलं?"

"मी तो उभ्या माणसावर बांधून बघितला, आत्या. तुम्ही वावरात उभ्या कधी असता?"

सासूला ती हाताला धरून घरी घेऊन आली. संध्याकाळी मंदिरात सगळ्यांना बोलवायचं तिनं ठरवलं. पण सविता त्याच सकाळी आपल्या वावरात एकटी गेली होती. दुपारच्या आत ती उसात सापडली, गेलेली.

ज्ञानेश्वरी रडली नाही, तिला रडायला तोंडच उरलं नव्हतं. तेरावा झाल्यावर बायका दारात आल्या. तिला वाटलं, बोल लावायला आल्या असतील, आणि तिनं ते निमूट ऐकलंही असतं. त्या नवे चेहरे मागायला आल्या होत्या.

"सविताची नाडी ढिली आसंल," एक म्हणाली. "आमाला पक्की लावून द्या."

ज्ञानेश्वरीनं अंगणात उकिडवं बसून दाखवलं. चेहरा कुठे बघतो ते दाखवलं. बायका मान डोलावत राहिल्या. "तुमी लई मनाला लावून घेतलंय, वहिनी," म्हणाल्या आणि जुन्याच चेहऱ्यांच्या नाड्या आपापल्या घट्ट करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना साळूबाईंनी खुंटीवरचा चेहरा काढला.

"आत्या, नका."

"घास उभ्यानं कापता येत न्हाई, ज्ञानू. आन् गाया उपाशी ठिवू का? आसू दे. जिवाला बरं वाटतं."

ज्ञानेश्वरी काठी घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. साळूबाई वाफ्यात बसल्या, ती त्यांच्याकडे पाठ करून उसासमोर उभी राहिली. "बस की घटकाभर," साळूबाई म्हणाल्या. ती बसली नाही. पाती हलत होती, वारा होता की नव्हता ते कळत नव्हतं.

बांधापलीकडे सविताची जाऊ एकटीच घास कापत होती, डोक्यामागे तो चेहरा पक्का बांधून. ज्ञानेश्वरीनं जीव तोडून हाक मारली, "उभी राहा गं!"

जावेनं ऐकलं. मान वर न करता, वाकूनच, तिनं हात हलवला.